आवाजाचा पत्ता
मोटारसायकलच्या चेनपासून चाकापर्यंतची खडखड घरच्या घरी कशी ओळखावी

“गाडी नीट पळते, ब्रेक लागतो, ॲव्हरेजही बरं देते, पण खालून कसलातरी खडखड आवाज येतो. काय झालं असेल?” मोटारसायकल वापरणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. त्यामागे दोन धास्त्या असतात. एक म्हणजे गाडी ऐन रस्त्यात दगा देईल. दुसरी म्हणजे गॅरेजात नेली तर न बिघडलेली वस्तूही बदलली जाईल. दोन्हींवर उपाय एकच आहे: आवाज कुठून येतो, हे आधी आपल्याला कळले पाहिजे.

ते कळते, आणि त्यासाठी कान फार तयार असावा लागत नाही. गाडीतला प्रत्येक फिरणारा भाग आपल्या ठरलेल्या गतीने फिरतो, म्हणून त्याच्या आवाजालाही ठरलेला ताल असतो. ताल मोजला की भाग सापडतो. आधी मोजायचे, मग पाना हातात घ्यायचा, एवढेच सूत्र या प्रकरणभर धरायचे आहे.

इथे आपण १०० ते १५० सीसीच्या, चेनवर चालणाऱ्या रोजच्या मोटारसायकलीबद्दल बोलणार आहोत. स्कूटरमध्ये चेनऐवजी रबरी पट्टा असतो आणि तिचे आवाज वेगळे असतात. त्यामुळे ती इथे येत नाही.

१. ताकद चाकापर्यंत कशी पोचते?

वारीत पालखी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते, तशी इंजिनची ताकद गाडीत हातोहाती पुढे जाते. पहिला खांदा क्लचचा. दोन तळहात एकमेकांवर घट्ट दाबले की एक हात फिरवताच दुसराही फिरतो, सैल सोडले की फिरत नाही. क्लचच्या चकत्या हेच करतात. दुसरा खांदा गिअरबॉक्सचा. तिथे दात्यांच्या जोड्या बदलून चढाला जोर आणि सपाटीला वेग मिळवला जातो.

गिअरबॉक्सच्या बाहेर आलेल्या दांड्यावर एक छोटे दातेरी चाक असते. ते पुढचे स्प्रॉकेट. गॅरेजात बहुतेक जण त्याला ‘सॉकेट’ म्हणतात. त्यावरून चेन मागच्या मोठ्या स्प्रॉकेटवर जाते. मागचे स्प्रॉकेट चाकाला थेट बसवलेले नसते, मध्ये रबराचे जाड तुकडे असतात. डोक्यावर हंडा घेताना खाली चुंबळ ठेवतात, तसे हे रबर: इंजिनचा झटका चाकाला थेट बसू नये म्हणून. शेवटी चाक एक्सलभोवती बेअरिंगवर फिरते.

ही ओळ लक्षात ठेवा: क्लच, गिअरबॉक्स, पुढचे स्प्रॉकेट, चेन, मागचे स्प्रॉकेट, रबर, बेअरिंग, चाक. पालखीला हिसका बसतो तो खांदा बदलताना. गाडीतही आवाज बहुधा दोन भागांच्या सांध्यातच जन्मतो.

२. चेनची एक कडी

लांबून चेन साधी साखळी वाटते. जवळून पाहा. दोन पट्ट्यांमध्ये एक बारीक पिन, पिनवर एक नळी आणि नळीवर मोकळी फिरणारी आणखी एक नळी असते. आतल्या नळीला बुश म्हणतात, बाहेरच्या फिरत्या नळीला रोलर. स्प्रॉकेटच्या दात्याला रोलर टेकतो आणि टेकल्याटेकल्या थोडा फिरतो, त्यामुळे दात्यावर घासण कमी होते. मूळचे स्विस असलेले हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली मँचेस्टरमध्ये बुश आणि रोलर असलेल्या चेनचे पेटंट घेतले. आज तुमच्या गाडीवर असलेली चेन त्याच रचनेची आहे.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांच्या चेनच्या पट्टीवर ४२८ हा आकडा ठोकलेला असतो. यातला पहिला ४ म्हणजे इंचाचे चार अष्टमांश, अर्थात अर्धा इंच: एका पिनच्या मध्यापासून शेजारच्या पिनच्या मध्यापर्यंतचे अंतर. मिलिमीटरमध्ये ते १२.७ भरते. पुढचे दोन आकडे रुंदी सांगतात. हे १२.७ पुढे आपल्या कामी येणार आहे.

३. इंजिनचा आवाज की चाकाचा?

सगळ्यात आधी फुकटातल्या गोष्टी तपासा. चेन कव्हरचा बोल्ट, साडी गार्ड, नंबर प्लेट, मडगार्ड आणि सायलेन्सरची पट्टी यांतले काही ढिले असले तरी हुबेहूब चेनसारखी खडखड होते. इंजिन बंद करून एकेक वस्तू हाताने हलवून पाहा. मगच पुढच्या तीन चाचण्या करा.

पहिली चाचणी, जागच्या जागी. गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून इंजिन चालू ठेवा. आवाज येत असेल तर तो चेनचा असूच शकत नाही, कारण चेन फिरतच नाही. आता क्लच दाबा. आवाज बदलला किंवा थांबला तर तो क्लचकडून किंवा गिअरबॉक्सच्या आतून येतो आहे. न्यूट्रलमधली हलकी खरखर क्लच दाबताच थांबणे हे अनेक गाड्यांमध्ये नेहमीचेच असते; ती पूर्वीपेक्षा वाढली असेल तरच चिंता करा.

दुसरी चाचणी, एकच वेग आणि दोन गिअर. मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरचा वेग तिसऱ्या गिअरमध्ये धरा, मग तोच वेग चौथ्यात. वेग तोच असल्याने चेन आणि चाक दोन्ही वेळा सारखेच फिरतात, पण चौथ्यात इंजिन हळू फिरते. आवाजाचा ताल बदलला नाही तर दोष पुढच्या स्प्रॉकेटपासून चाकापर्यंत कुठेतरी आहे. ताल मंदावला तर तो इंजिनच्या बाजूचा.

तिसरी चाचणी, ओघळणे. सपाट, रिकाम्या जागी हळू वेगात क्लच दाबा आणि गाडी आपली आपण ओघळू द्या. इंजिन चालूच ठेवा. क्लच दाबताच आवाज गेला आणि क्लच सोडून रेस दिल्यावरच परतला तर तो ओढीचा आवाज आहे: चेन, स्प्रॉकेट किंवा रबर. ओघळतानाही तसाच राहिला तर पहिला संशय चाकाच्या बेअरिंगवर आणि ब्रेकवर. त्याच वेळी मागचा ब्रेक अगदी हलका दाबून पाहा. आवाज बदलला तर ब्रेककडे लक्ष द्या.

४. खडूची रेघ आणि थोडे गणित

आता सगळ्यात उपयोगी चाचणी. तिला लागतो एक खडू.

गाडी डबल स्टँडवर लावा. इंजिन बंद, किल्ली खिशात, गिअर न्यूट्रल. मागच्या टायरवर खडूने एक रेघ मारा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. टकटक ऐकू आली की पाहा: दोन ‘टक’च्या मध्ये रेघ किती वेळा फिरून येते?

उदाहरण घेऊ. समजा पुढच्या स्प्रॉकेटला १४ दाते आहेत, मागच्याला ४२ आणि चेनला १०४ कड्या. चाक एकदा फिरले की मागच्या स्प्रॉकेटवरून ४२ कड्या सरकतात. तेवढ्या कड्या पुढच्या १४ दात्यांवरून जायच्या तर पुढच्याला ४२ भागिले १४, म्हणजे ३ फेरे घ्यावे लागतात. आणि चेनचा एक पुरा फेरा व्हायला चाकाला १०४ भागिले ४२, म्हणजे साधारण अडीच फेरे लागतात.

यावरून पत्ते ठरतात. चाकाच्या एका फेऱ्यात एकदा ‘टक’ झाले तर दोष चाकात, ब्रेकमध्ये किंवा मागच्या स्प्रॉकेटच्या एखाद्या दात्यात. एका फेऱ्यात तीनदा झाले तर पुढच्या स्प्रॉकेटमध्ये. अडीच फेऱ्यांनी एकदा झाले तर चेनच्या एखाद्या कडीत. तुमच्या गाडीचे दाते आणि कड्या मोजून हेच भागाकार करा.

काही आवाज चाकावर वजन पडल्याशिवाय येत नाहीत. अशा वेळी गाडी अंगणात ढकलत न्या आणि अंतर मोजा. १८ इंची रिमच्या लहान गाडीचे चाक एका फेऱ्यात साधारण १.९ मीटर पुढे जाते. म्हणून दर १.९ मीटरला येणारा आवाज चाकाचा, दर ६३ सेंटिमीटरला येणारा पुढच्या स्प्रॉकेटचा आणि दर पावणेपाच मीटरच्या आसपास येणारा चेनच्या कडीचा. ताशी ३६ किलोमीटर वेगात हीच चेन सेकंदाला दोनदा फिरून येते आणि दर सेकंदाला दोनशेहून जास्त कड्या मागच्या दात्यांवर चढतात. त्या गर्दीत एकच वाईट कडी वेगळी ऐकू येणे शक्य नाही. म्हणूनच तपास सावकाश चालीत करायचा.

५. चेन ‘वाढते’ म्हणजे काय होते?

चेन वाढली, असे मेकॅनिक म्हणतो तेव्हा लोखंड रबरासारखे ताणले गेले असे आपल्याला वाटते. खरे घडते ते वेगळे. पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात. हातात हात धरलेल्या मुलांच्या रांगेत प्रत्येकाने आपली पकड बोटभर सैल केली तर कोणाचाही हात न वाढता रांग लांब होते. तसेच हे.

आकड्यात पाहा. नव्या ४२८ चेनच्या २० कड्या म्हणजे २० गुणिले १२.७, बरोबर २५४ मिलिमीटर. चेन ताणून धरा, एका पिनचा मध्य पकडा आणि ती पिन पहिली धरून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजा. २५९ च्या वर भरले तर चेनचे आयुष्य संपले. वाढ फक्त ५ मिलिमीटरची, प्रत्येक कडीमागे पाव मिलिमीटर. पण १०४ कड्यांची मिळून ती २६ मिलिमीटर होते, म्हणजे दोन कड्यांहून जास्त. दात्यांमधले अंतर मात्र नव्या चेनपुरतेच राहिलेले असते. मग रोलर खाचेत नीट न बसता दात्याच्या टोकाकडे चढतो, दाते एका बाजूने खाल्ले जाऊन आकड्यासारखे वाकडे दिसू लागतात आणि रेस देताच करकर ऐकू येते.

एक सोपी खूण आणखी आहे. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या बाजूची कडी बोटांनी पकडून सरळ मागे ओढा. अर्ध्या दात्याएवढी फट दिसली तर दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन असा पूर्ण संच बदला. जुन्या दात्यांवर नवी चेन चढवली तर पैसे वाचत नाहीत, कारण झिजलेले दाते नव्या चेनला लवकर आपल्यासारखेच करतात.

६. आवाजांची ओळख

खडखड, विशेषतः खड्ड्यातून जाताना किंवा रेस सोडल्यावर: चेन सैल होऊन कव्हरला आपटते आहे. ताण नीट केला की थांबते.

चिरचिर किंवा कुरकुर, पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर: चेन कोरडी पडली आहे. कोकणातली लाल माती असो की ऊसतोडीच्या दिवसांतली शेतरस्त्याची धूळ, ती तेलात मिसळली की कानशीसारखी घासते. आधी धुवा, मगच तेल द्या. मळावर तेल ओतणे म्हणजे आतली माती आतच पोसणे.

सततची गुणगुण, जणू चेन गाते आहे: ताण फार जास्त आहे. सैल चेनपेक्षा याची काळजी अधिक करावी. घट्ट चेन गिअरबॉक्सच्या दांड्याचे बेअरिंग खाते आणि ते बदलायला इंजिन खोलावे लागते.

ठरावीक अंतराने टक: एखादी कडी चिकटली आहे. पुढच्या स्प्रॉकेटमागून येताना ती सरळ होत नाही, गुडघ्यासारखी वाकलेलीच राहते. तेल देऊन हाताने आडवी-उभी हलवा. मोकळी झाली नाही तर चेन बदला.

एका बाजूने खसखस: मागचे चाक तिरपे बसले आहे. मागच्या स्प्रॉकेटच्या एकाच अंगाला घासल्याची चकाकी दिसते.

७. घरची दुरुस्ती: धुणे, तेल आणि ताण

सुरुवातीलाच एक नियम, तो कधीही मोडू नका. चेनला हात लावताना इंजिन बंद असलेच पाहिजे. गाडी डबल स्टँडवर चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनवर फडके धरण्याची सवय अनेकांना असते. फडके चेनमध्ये अडकले की बोटेही स्प्रॉकेटमध्ये ओढली जातात. चाक नेहमी हातानेच फिरवा आणि हात स्प्रॉकेटपासून लांब ठेवा.

धुणे. चेनवर पूर्ण कव्हर असेल तर ते काढा. रॉकेल आणि मऊ ब्रश घेऊन कड्यांच्या चारही बाजू साफ करा. पेट्रोल वापरू नका, ते चटकन पेटते. नंतर कोरड्या फडक्याने पुसून चेन वाळू द्या. काही मोठ्या गाड्यांच्या चेनमध्ये पट्ट्यांच्या मध्ये रबरी कड्या असतात. तारेचा ब्रश लागला की त्या फाटतात, म्हणून तिथे ब्रश मऊच हवा.

तेल. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत नव्वद नंबरचे गिअर ऑइल सांगितलेले असते. ते चेनच्या खालच्या धावेवर, म्हणजे दोन स्प्रॉकेटमधल्या खालच्या भागावर, आतल्या बाजूने, पट्ट्यांच्या फटींत थेंब थेंब सोडत चाक हळू फिरवा. चेन फिरू लागली की तेल बाहेरच्या दिशेने फेकले जाते, म्हणून आतून दिलेले तेल कडीतून आरपार जाते; बाहेरून दिलेले उडून जाते. हे काम रात्री करा. सकाळपर्यंत तेल मुरते. मग वरचे जादा तेल पुसा. टायरला आणि ब्रेकला तेलाचा एक थेंबही लागू देऊ नका.

ताण. पुस्तिकेत सांगितलेल्या स्टँडवर गाडी लावा आणि खालच्या धावेच्या मध्यावर पट्टी उभी धरा. बोटाने चेन खाली ओढा, मग वर ढकला. दोन टोकांमधले अंतर म्हणजे ढील. रोजच्या बहुतेक गाड्यांना ती २० ते ३० मिलिमीटर लागते. नेमका आकडा पुस्तिकेचाच धरा. चाक थोडे थोडे फिरवून चार-पाच जागी मोजा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून जिथे ती सर्वात घट्ट भरेल त्या जागेवरून ताण ठरवा.

ढील मुळात ठेवायचीच कशाला? आपण गाडीवर बसलो की मागचे चाक वर सरकते आणि पुढचे स्प्रॉकेट व मागचा एक्सल यांच्यातले अंतर वाढते. रिकाम्या गाडीवर घट्ट दिसणारी चेन दोन माणसे बसल्यावर तारेसारखी ताणली जाते. ती ढील या वाढीसाठी राखून ठेवलेली जागा आहे.

ताण बदलायचा तर एक्सलच्या नटाची कॉटर पिन असल्यास काढा, नट सैल करा आणि दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवा: डावीकडे अर्धा फेरा तर उजवीकडेही अर्धा. दोन्ही बाजूंच्या खुणा एकाच रेघेवर आल्या पाहिजेत. ढील पुन्हा मोजा, नट पुरता आवळा, कॉटर पिन नवी घाला. ड्रम ब्रेकच्या गाडीत चाक मागे सरकले की ब्रेकचा रॉडही ताणला जातो, म्हणून पायाचा ब्रेक पुन्हा जुळवा आणि चाक मोकळे फिरते का पाहा. चेनची दोन टोके जोडणाऱ्या चेन लॉकवरही नजर टाका: क्लिपची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला हवी. उलट बसलेली क्लिप कशाला घासली तर निसटू शकते.

८. चाकाच्या पोटातले दोन आवाज

पहिला रबराचा. रेस देताना किंवा सोडताना एकच ‘खट्’ असा आवाज येतो आणि सोबत हलका धक्का बसतो. चेनचा ताण बरोबर असूनही तो येत असेल तर चुंबळ झिजली आहे. डबल स्टँडवर चाक एका हाताने घट्ट धरा आणि मागचे स्प्रॉकेट दुसऱ्या हाताने पुढे-मागे हलवा. चाक न हलता स्प्रॉकेट सहज डुलत असेल तर रबराचा संच बदला. जुन्या ट्यूबचे तुकडे फटीत कोंबण्याची युक्ती काही ठिकाणी करतात. तिने आवाज थोडे दिवस दबतो, पण रबराचे काम ते तुकडे करत नाहीत.

दुसरा बेअरिंगचा. वेगाबरोबर वाढणारी, क्लच दाबूनही न थांबणारी घरघर, जात्यासारखी. चाक स्टँडवर असताना टायर दोन समोरासमोरच्या जागी धरा आणि एका बाजूने ढकलून दुसऱ्या बाजूने ओढा. खटखट जाणवली तर बेअरिंग गेले. नुसती घरघर असेल तर एक लांब स्क्रूड्रायव्हर घ्या. एकाने चाक हाताने हळू फिरवावे, दुसऱ्याने स्क्रूड्रायव्हरचे टोक एक्सलच्या नटावर टेकवून मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावावी. चांगले बेअरिंग जवळजवळ गप्प असते. खराब बेअरिंगमध्ये वाळू दळल्यासारखे ऐकू येते.

९. घरी कुठे थांबायचे?

धुणे, तेल, ताण, ढिले बोल्ट आणि वरच्या सगळ्या चाचण्या घरच्या आहेत. चाक काढण्याची सवय असेल तर रबरही घरी बदलता येते. बेअरिंग ठोकून काढणे आणि बसवणे वर्कशॉपचे काम. पहिल्या चाचणीत आवाज क्लचकडे किंवा गिअरबॉक्सकडे बोट दाखवत असेल तर इंजिनचे कव्हर स्वतः उघडू नका; ऑइलची पातळी तपासा आणि गाडी मेकॅनिककडे न्या. चेन दात्यांवरून घसरत असेल किंवा चाक हातात डुलत असेल तर गाडी चालवत नेऊ नका. तुटलेली चेन चाकात अडकली की चाक जागीच थांबते.

मेकॅनिककडे जातानाही हे सगळे कामी येते. “आवाज येतोय” एवढेच सांगू नका. “चाकाच्या अडीच फेऱ्यांनी एकदा टक होतं, क्लच दाबला तरी जात नाही, वीस कड्या दोनशे सत्तावन्न भरतात,” असे सांगा. चांगला मेकॅनिक अशा गिऱ्हाइकाला मान देतो आणि नको ते काम सुचवताना कोणीही दहादा विचार करतो.

दर ५०० किलोमीटरला, आणि पावसाळ्यात दर रविवारी, दहा मिनिटे काढा. खडू, पट्टी, फडके आणि तेल एका डब्यात एकत्र ठेवा. आजच गाडी डबल स्टँडवर लावून चाक हाताने फिरवा आणि ती निरोगी असतानाचा तिचा आवाज नीट ऐकून ठेवा. उद्याचा बिघाड ओळखायला तोच आवाज लागतो.